दरवर्षीचं नवं पीएचपी आणि ग्राहकांच्या वेबसाइट: पितृपक्षात उरकायचं काम

दिवाळीला अकरा दिवस उरले होते. नौपाड्यातल्या एका फराळवाल्या काकूंचा संध्याकाळी साडेसहाला फोन आला. "अगं, साइट उघडतच नाहीये. नुसतं पांढरं दिसतंय. अमेरिकेच्या ऑर्डरी आज बंद करायच्या होत्या, पार्सल वेळेत पोचायला नको का?" मी लॅपटॉप उघडला. साइट पांढरी, आतलं अ‍ॅडमिनचं पानही पांढरं. होस्टिंग कंपनीने जुनं पीएचपी, म्हणजे साइट ज्या भाषेत लिहिलेली असते तिची जुनी आवृत्ती, काढून सगळ्यांना ८ वर नेलं होतं. तशी ईमेल महिनाभर आधी आली होती, पण ती काकूंच्या भाच्याच्या जुन्या पत्त्यावर गेली, कारण साइट मुळात त्याने केलेली. दोष सापडला रात्री दीडला. थीममध्ये तीन ठिकाणी ‘क्रिएट_फंक्शन’ नावाचं जुनं फंक्शन वापरलं होतं आणि पीएचपी ८.० मधून ते काढून टाकलेलं आहे. दुरुस्ती तीन ओळींची होती. शोधायला सात तास गेले, कारण त्या साइटवर चुकांची लॉग फाइल मी कधी चालूच केली नव्हती. काकू दर अर्ध्या तासाने फोन करत होत्या आणि प्रत्येक वेळी मला "बघतेय काकू" एवढंच सांगता येत होतं.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत तुम्ही नुकतंच हे काम सुरू केलं असेल, तर तुमच्याकडेही अशाच पाच-दहा साइट असतील: घोडबंदर रोडवरचा एखादा दवाखाना, वागळे इस्टेटमधला वर्कशॉप, वाशीच्या मार्केटमधला सुक्यामेव्याचा व्यापारी, ऐरोलीतले क्लासेस. बहुतेक वर्डप्रेसवर, एखाद-दुसरी कुणीतरी हाताने लिहिलेली. या सगळ्यांच्या खाली पीएचपी चालतं आणि ते दरवर्षी बदलतं. बदल कधी येणार हे वर्षभर आधी कळलेलं असतं, त्यामुळे काकूंच्या साइटवर जे झालं ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आधी तारखा पाठ करा

१९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानासाठी केलेली छोटी साधनं लोकांसमोर ठेवली, तिथून पीएचपी सुरू झालं. आता दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला नवी आवृत्ती येते. ८.२ आली ८ डिसेंबर २०२२ ला, ८.३ आली २३ नोव्हेंबर २०२३ ला, ८.४ आली २१ नोव्हेंबर २०२४ ला आणि ८.५ आली २० नोव्हेंबर २०२५ ला. पहिली दोन वर्षं आवृत्तीतल्या सगळ्या चुका दुरुस्त होतात, पुढची दोन वर्षं फक्त सुरक्षेच्या. मग ती आवृत्ती वाऱ्यावर. ८.१ ची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. ८.२ ची २०२६ च्या, ८.३ ची २०२७ च्या आणि ८.४ ची २०२८ च्या ३१ डिसेंबरला संपते.

आता या तारखांशेजारी आपल्या ग्राहकांचं वर्ष मांडून बघा. नवी आवृत्ती येते तेव्हा तुळशीचं लग्न झालेलं किंवा तोंडावर आलेलं असतं आणि कार्यालयं, केटरर, मेंदीवाल्या, फोटोग्राफर यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. क्लासेसची धावपळ दहावी-बारावीच्या निकालांच्या आसपास, म्हणजे मे-जूनमध्ये. मूर्तिकारांचं बुकिंग गणपतीच्या आधीचे दोन महिने. फराळ, कपडे, भेटवस्तू यांचं सगळं वर्ष नवरात्र ते दिवाळी या काळात कमावलं जातं. या काळात साइटच्या इंजिनाला, म्हणजे पीएचपीला, हात लावायचा नाही.

माझ्या अनुभवात दुकानदार ग्राहकांसाठी सगळ्यात चांगला पंधरवडा म्हणजे पितृपक्ष. गणपती उरकलेले, नवरात्र यायचं, लोक मोठी खरेदी करत नाहीत, साइट शांत. शिवाय नोव्हेंबरात आलेल्या आवृत्तीला तोवर नऊ-दहा महिने झालेले असतात. साधारण दर चार आठवड्यांनी तिच्या किरकोळ दुरुस्त्या येत राहतात, त्यामुळे ती मुरलेली असते, आणि प्लगइनवाल्यांनीही जुळवून घेतलेलं असतं. एक ग्राहक मला म्हणाले होते, "पितृपक्षात नवीन काही सुरू नको." मी म्हटलं, "दादा, हे नवीन काम नाही. दिवाळीआधी घराची डागडुजी करतो ना, ती आहे." ते लगेच पटलं. दवाखाने, क्लासेस, सीए यांचा शांत काळ वेगळा असतो. तो त्यांनाच विचारा आणि लिहून ठेवा.

नुकतीच आलेली आवृत्ती पहिल्याच महिन्यात ग्राहकाच्या साइटवर चढवू नका. तुमच्या स्वतःच्या साइटवर हौसेने चढवा, तिथे शिकायला मिळतं.

नोंदवही

पहिल्याच दिवशी एक शीट उघडा. प्रत्येक साइटची एक ओळ आणि त्यात पुढच्या गोष्टी: पीएचपीची आवृत्ती, वर्डप्रेसची किंवा दुसऱ्या चौकटीची (फ्रेमवर्कची) आवृत्ती, थीमचं नाव आणि ती शेवटची कधी अद्ययावत झाली, सगळी प्लगइनं, त्यांतली विकत घेतलेली कुठली आणि परवाना कुणाच्या नावावर, पैसे घेण्याचं गेटवे, आणि ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं. वर्डप्रेसमध्ये ‘साइट हेल्थ’च्या पानावर यातलं बरंच एका जागी मिळतं. हाताने लिहिलेल्या साइटसाठी काही जण ‘पीएचपीइन्फो’ची फाइल सर्व्हरवर टाकतात आणि विसरतात. सर्व्हरचा सगळा तपशील त्यातून जगाला दिसतो, म्हणून माहिती मिळाली की ती फाइल लगेच पुसा.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: होस्टिंग कंपनीच्या ईमेल कुणाला जातात? भाचा, आधीचा डेव्हलपर, सोडून गेलेली रिसेप्शनिस्ट, बंद पडलेला पत्ता, यांपैकी काहीही निघू शकतं. ग्राहकाबरोबर दहा मिनिटं बसून खात्यात त्यांचा चालू पत्ता आणि तुमचा पत्ता असे दोन्ही टाका. काकूंच्या बाबतीत एवढं जरी केलं असतं तरी ती रात्र टळली असती.

बॅकअप, आणि तो उघडून बघणं

फाइली आणि डेटाबेस दोन्ही घ्या, आणि एक प्रत त्या सर्व्हरच्या बाहेर ठेवा. मग तो बॅकअप दुसरीकडे प्रत्यक्ष उभा करून बघा. मराठी साइटसाठी एक खास तपासणी आहे: डेटाबेसच्या फाइलमध्ये ‘ठाणे’ हा शब्द शोधा. तो नीट दिसला तर ठीक. त्याच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा अगम्य अक्षरं असतील, तर बहुधा बॅकअप घेताना अक्षरसंच चुकलाय. ‘यूटीएफ८एमबी४’ लावून पुन्हा घ्या. प्रश्नचिन्हं झालेला मजकूर त्या फाइलमधून पुन्हा मराठीत आणता येत नाही.

नक्कल साइटवर सगळा खेळ

चालू साइटवर प्रयोग करायचा नाही. उपडोमेनवर तिची हुबेहूब नक्कल उभी करा, तिला पासवर्ड लावा आणि शोधयंत्रांना तिथे येऊ देऊ नका. त्यानंतर लगेच, दुसरं काहीही करायच्या आधी, नक्कल साइटवरून ईमेल आणि एसएमएस जाणं बंद करा, गेटवे चाचणीच्या अवस्थेत टाका आणि आपोआप चालणारी कामं थांबवा. नकलेत खऱ्या ग्राहकांचे खरे पत्ते असतात. तिने रात्री सगळ्या रुग्णांना ‘उद्याची अपॉइंटमेंट’ असा निरोप पाठवला तर सकाळी दवाखान्याचा फोन तुम्हाला येईल.

आता लॉग चालू करा. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीबग चालू, लॉग चालू आणि पडद्यावर दाखवणं बंद, अशा तीन ओळी लागतात. ही लॉग फाइल नेहमीच्या जागी ठेवली तर बऱ्याच सर्व्हरवर ती बाहेरून कुणालाही वाचता येते. तिचा मार्ग बदलून ती साइटच्या फोल्डरबाहेर ठेवा.

मग जुन्याच पीएचपीवर एक दिवस साइट वापरा आणि लॉग वाचा. त्यात ‘डेप्रिकेटेड’ असे इशारे दिसतील. सोसायटीच्या फलकावर ‘पुढच्या महिन्यात जुना पंप काढणार’ अशी नोटीस लागते ना, तसंच हे: आज चालतंय, पुढे काढणार. नव्या मंडळींनी हे इशारे वाचायची सवय लावून घ्यावी. पुढे कुठे मोडणार त्याची यादी पीएचपी स्वतःच तुमच्या हातात देतं.

साइट फार जुनी असेल, म्हणजे ५.६ वर वगैरे, तर नकलेवर एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारू नका. ५.६ वरून ७.४, तिथून ८.०, मग एकेक वर. कारण साधं आहे. एखादी गोष्ट काढण्याआधीच्या आवृत्तीत तिचा इशारा मिळतो, थेट उडी मारली तर इशारा हुकतो आणि नुसता पांढरा पडदा हाती येतो. नकलेवर सगळ्या पायऱ्या चढून झाल्या की चालू साइट मात्र एकाच झटक्यात वर न्यायची.

काय काय मोडतं

ठळक गोष्टी आधी. ‘मायएसक्यूएल_’ने सुरू होणारी डेटाबेसची जुनी फंक्शनं ७.० मध्ये गेली. ‘ईच’ आणि ‘क्रिएट_फंक्शन’ ८.० मध्ये गेली. ‘काउंट’ला रिकामी म्हणजे नल किंमत दिली तर ७.२ पासून इशारा मिळायचा, ८.० पासून साइट थांबते. ८.१ पासून पीएचपीच्या स्वतःच्या फंक्शनांना जिथे शब्द हवा तिथे नल दिलं तर इशारा येतो. ८.२ पासून, क्लासमध्ये आधी न सांगितलेला गुणधर्म ऐनवेळी जोडला तरी इशारा. हे शोधायला ‘पीएचपी कोडस्निफर’ आणि त्याचे ‘पीएचपीकम्पॅटिबिलिटी’चे नियम वापरा. स्वतः लिहिलेला मोठा कोड असेल तर ‘रेक्टर’ बऱ्याच दुरुस्त्या आपोआप करतो, पण त्याने केलेला प्रत्येक बदल वाचून मगच स्वीकारा.

यापेक्षा मला भीती वाटते ती चुपचाप बदलणाऱ्या गोष्टींची. पीएचपी ७ मध्ये रिकामा शब्द आणि शून्य दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासले तर ते समान ठरायचे, ८ मध्ये ठरत नाहीत. एका डबेवाल्या ताईंच्या फॉर्मवर ‘डब्यांची संख्या शून्य असेल तर थांबव’ अशी अट होती. ८ वर गेल्यावर रिकामा सोडलेला रकाना त्या अटीतून सुटायला लागला आणि संख्या नसलेल्या ऑर्डरी येऊ लागल्या. साइट उघडत होती, लॉगमध्ये एक ओळ नव्हती. ते ताईंनी सकाळी पोळ्यांचा हिशेब करताना पकडलं. तेव्हापासून मी कोडमध्ये शून्याशी केलेली प्रत्येक तुलना शोधून हाताने वाचते.

आता आपल्या भाषेपुरतं. इंग्रजी मार्गदर्शकांत हे सापडत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. ‘ठाणे’ या शब्दात ठ, काना, ण, मात्रा अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. लांबी मोजणारं ‘स्ट्रलेन’ बारा सांगतं, ‘एमबी_स्ट्रलेन’ चार सांगतं, आणि वाचणाऱ्याला जी दोन अक्षरं दिसतात ती मोजायला ‘ग्राफीम_स्ट्रलेन’ लागतं. जुन्या थीममध्ये बातमीचा सारांश ‘सबस्ट्र’ने कापलेला असतो, आणि तो कधी अक्षराच्या मधोमध कापला जातो. ८.१ च्या आधी असा तुटका मजकूर ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’मधून गेला की पूर्ण नाहीसा व्हायचा आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. ८.१ पासून तोच मजकूर शेवटी प्रश्नचिन्हाच्या चौकटीसह दिसतो. ग्राहकाला वाटतं तुम्ही काहीतरी बिघडवलं. खरा दोष आधीपासून तिथे होता, आता दिसू लागला इतकंच. कापणाऱ्या ओळी ‘एमबी_सबस्ट्र’ने बदला.

पण ही एमबीवाली फंक्शनं ‘एमबीस्ट्रिंग’ नावाच्या एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे पीएचपीच्या जोडभागात, असतात, ग्राफीमवालं ‘इंटल’मध्ये. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये पीएचपीची आवृत्ती बदलली की एक्स्टेंशनांची निवड बहुतेक ठिकाणी नव्याने करावी लागते. जुन्या आवृत्तीला लावलेल्या खुणा नव्या आवृत्तीला लागतातच असं नाही. म्हणून बदलाआधी जुन्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि नव्यावर तशाच खुणा करा. फाइल चढवण्याची मर्यादाही तशीच. ती मूळ २ एमबीवर परत येते आणि दवाखान्यातल्या मॅडमचे रिपोर्ट चढेनासे होतात.

‘९ नोव्हेंबर, सोमवार’ अशा मराठी तारखा दाखवायला पूर्वी ‘स्ट्रएफटाइम’ वापरत. ८.१ पासून त्यावर इशारा येतो. त्याऐवजी ‘इंटलडेटफॉरमॅटर’ला मराठीचा संकेत द्या. रुपयांचे लाखाच्या पद्धतीचे स्वल्पविराम ‘मनी_फॉरमॅट’ने टाकलेले असतील तर ते फंक्शन ८.० मध्ये गेलंय. ‘नंबरफॉरमॅटर’ १,२५,००० असं नीट लिहितो, हवं तर देवनागरी आकड्यांत.

प्लगइनांचं थोडक्यात: दोन वर्षांत हात न लागलेलं प्लगइन बदला. मालकांना त्याचा लळा लागलेला असतो, तरीही बदला.

पायथॉनवर चालणारी साइट असेल तर नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) फक्त सम आकड्याच्या आवृत्त्या ग्राहकाच्या कामाला घ्या, त्यांनाच दीर्घ मुदतीचा आधार मिळत आला आहे. बाकी पायऱ्या याच.

हाताने तपासणी

नक्कल साइट नव्या आवृत्तीवर उभी राहिली की ग्राहकाला शेजारी बसवा. आपण पानं उघडून बघतो, ते त्यांचं रोजचं काम करून बघतात. वागळे इस्टेटमधल्या एका साहेबांनी पहिल्याच मिनिटाला कोटेशनची पीडीएफ काढली, जी मी तपासलीच नव्हती, आणि त्यातलं मराठी नाव चौकोन चौकोन झालेलं निघालं. त्यांचं म्हणणं ऐका, लिहून घ्या. हीच यादी पुढच्या वर्षीची तपासणी यादी.

बदलाचा दिवस

शुक्रवारी संध्याकाळी नको, सुट्टीच्या आदल्या दिवशी नको. मंगळवार किंवा बुधवार बरा, म्हणजे पुढचे दोन दिवस होस्टिंगचे लोक फोनवर सापडतात. वेळ ठरवताना अंदाज बांधू नका, सर्व्हरचा लॉग बघा. रात्री बारा म्हणजे शांतता असं मी धरून चालले होते. काकूंच्या साइटवर तीच गर्दीची वेळ निघाली, कारण अमेरिकेत तेव्हा दिवस असतो. त्यांचं काम आता दुपारी दोनला करते.

त्या दिवशीचा क्रम असा: ताजा बॅकअप, नकलेवर केलेल्या दुरुस्त्या चालू साइटवर चढवणं, आवृत्ती बदलणं, एक्स्टेंशनांच्या खुणा, कॅशे (साठवून ठेवलेली जुनी पानं) रिकामी करणं, मग स्वतःच्या फोनवरून एक खरी ऑर्डर आणि एक रुपयाचं खरं पेमेंट. यूपीआयचा निरोप ग्राहकाच्या फोनवर वाजला पाहिजे आणि ऑर्डरची ईमेल त्यांच्या पेटीत पडली पाहिजे. अर्ध्या तासात न सुटणारं काही निघालं तर जुन्या आवृत्तीवर परत जा आणि नकलेवर शांतपणे शोधा. मात्र परत जाताना डेटाबेस जुन्या बॅकअपवरून ओढू नका, मधल्या वेळात आलेल्या ऑर्डरी पुसल्या जातील. आवृत्ती आणि फाइली तेवढ्या मागे न्या.

एक जागा हमखास सुटते. वेबसाइट ज्या पीएचपीवर चालते त्याच पीएचपीवर रात्री आपोआप चालणारी कामं चालतात असं नाही. ही कामं वेळेवर चालवणाऱ्या क्रॉनच्या ओळीत पीएचपीचा मार्ग वेगळा लिहिलेला असतो. साइट ८.४ वर आणि रात्रीचं काम अजून ७.४ वर, असं महिनोन्‌महिने चालू राहतं, आणि एके दिवशी होस्टिंगवाले ७.४ काढतात. क्रॉनची प्रत्येक ओळ उघडून बघा.

पुढचे सात दिवस रोज सकाळी चहाबरोबर लॉग वाचा. आठव्या दिवशी डीबग बंद करा, लॉग फाइल पुसा.

पैशाचं आधी बोला

नवी मंडळी इथे संकोचतात. साइट तर तशीच दिसते, मग कसले पैसे, असं ग्राहक विचारणार हे गृहीत धरा. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) असते, पाण्याच्या फिल्टरची असते, तेव्हा शब्द नवा नाही. करारात स्पष्ट लिहा: वर्षातून एकदा आवृत्ती बदल आणि तपासणी यात आहे, प्लगइनांचे परवाने ग्राहकाच्या नावावर आणि खर्चाने, आणि बदलाच्या आठवड्यात तपासणीसाठी त्यांच्याकडचा एक माणूस तासभर मिळेल. हे पहिल्या बैठकीत बोला. साइट पांढरी पडल्यावर काढलेला पैशांचा विषय अडवणूक वाटतो.

काम झाल्यावर कळवा, त्यांना समजेल अशा शब्दांत. काकूंना मागच्या वेळी पाठवलेला निरोप जसाच्या तसा देते:

"काकू, आज दुपारी साइटचं आतलं इंजिन बदललं. दिसायला सगळं पूर्वीसारखंच आहे. मी एक रुपयाची ऑर्डर टाकली आहे, ती तुमच्या यादीत दिसते का बघा आणि रद्द करा. चकलीच्या पानावरचे दर आणि परदेशी पार्सलचा खर्च एकदा डोळ्यांखालून घाला. आठवडाभर काहीही वेगळं दिसलं तर फोटो काढून मला पाठवा, कितीही वाजले असले तरी."